तोंड रंगवणारे हात

सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठी आरोंदा आहे. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोव्यातला पेडणे तालुका सुरू होतो. गावची देवता सातेरी भद्रकाली. भातकापणी आटोपली, कार्तिक लागला, की या सगळ्या टापूत जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या देवळांसमोर रात्र रात्र दशावतार चालतो. इकडे त्याला धयकालो म्हणतात. त्याच गावांत आज फोन हातात घेऊन तोंड रंगवणारी मुलंमुली आहेत. कुणी पापणीवर मोरपिशी रंग चढवतं, कुणी गालावर फुलपाखरू काढतं, कुणी अर्धा चेहरा माणसाचा आणि अर्धा माशाच्या खवल्यांचा करून ते कसं केलं याचा व्हिडिओ टाकतं. आपण करतो ते मुंबईहून, कोरियाहून, अमेरिकेहून आलं अशी त्यांची समजूत असते. देवळाच्या पडवीत बसून तोंड रंगवणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असतात. पण त्या रंगवण्याचं आणि आपल्या व्हिडिओचं काही नातं आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हे पुस्तक ते नातं दाखवण्यासाठी लिहिलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : चेहऱ्यावरचा रंग हा ठरावीक उजेडासाठी आणि ठरावीक अंतरासाठी लावायचा असतो. तो कोणत्या उजेडात दिसणार आणि किती लांबून पाहिला जाणार, हे ठरल्याशिवाय ब्रश उचलू नये. दशावतारी कलावंताला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण त्याने ते कधी शब्दांत मांडलं नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. फोनसमोर बसणाऱ्या मुलीला शब्द भरपूर ठाऊक आहेत, उत्पादनांची नावं तोंडपाठ आहेत. अमुक रंग अमुक जागीच का, हे मात्र तिला सांगता येत नाही. या दोघांची गाठ पडली तर दोघांचाही फायदा आहे.

जत्रेच्या रात्री देवळामागे जाऊन बसलं तर ही विद्या जवळून पाहायला मिळते. दशावतारी मंडळाचे पेटारे आलेले असतात. पूर्वी ते डोक्यावरून वाहून आणत, आता टेम्पोतून येतात. पेटाऱ्याला हात जोडल्याशिवाय कुणी काही बाहेर काढत नाही. कलावंत जमिनीवर मांडी घालून बसतो, आरसा पेटाऱ्याला टेकवून उभा करतो आणि खोबरेल तेलाचं बोट तोंडावर फिरवायला लागतो. ‘आदी तेल, मगे रंग’ एवढाच काय तो उपदेश नवख्याला मिळतो. तेल मुरलं की पांढऱ्यात पिवळा आणि लाल मिसळून केलेली बैठक कपाळापासून गळ्यापर्यंत ओल्या फडक्याने थापायची. थापायची, फासायची नाही. फासलेल्या रंगाला बोटांचे ओहोळ पडतात आणि घाम फुटला की तो त्याच ओहोळांतून वाहतो. वर पावडर दाबायची. मग गालांवर लाली, आणि शेवटी काडी किंवा बारीक ब्रश घेऊन काळ्याचं काम.

हे काळ्याचं काम पाहण्यासारखं असतं. राजपार्ट करणाऱ्याची भुवई त्याच्या स्वतःच्या भुवईवर थांबत नाही. ती नाकाच्या मुळापासून निघते, कपाळावर चढते आणि कानशिलाकडे जाताना बारीक होत संपते. डोळ्याखालची रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढलेली असते आणि भुवई नि रेघ यांच्यामध्ये बैठकीचा उजळ पट्टा मोकळा ठेवलेला असतो. लांब बसलेल्या माणसाला तो पट्टा डोळ्याचाच भाग वाटतो, म्हणून डोळा दुप्पट मोठा दिसतो. राक्षसपार्टाची भुवई याच्या उलट : नाकाकडे खाली उतरणारी, जाड, कधी वर पांढरी कड दिलेली. तोंडातून शब्द निघायच्या आधीच हा भला की बुरा हे भुवई सांगून टाकते. ही रेघ काढताना कलावंत श्वास रोखून धरतो, आणि हाताची करंगळी गालावर टेकवून हाताला आधार देतो. करंगळीचा हा आधार मी परदेशी शिकवणीच्या व्हिडिओंत ‘खास युक्ती’ म्हणून सांगितलेला पाहिला आहे. आमच्याकडे ती युक्ती कुणालाच कधी खास वाटली नाही.

दशावतारात आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावर बसून सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग वेद पळवणारा संकासुर. गणपतीला सोंडेचा मुखवटा असतो. संकासुर अंगभर काळ्या कपड्यात, चेहऱ्यावरही काळं आवरण घेऊन येतो आणि मालवणीत बोलून अख्ख्या जत्रेला हसवतो. विष्णू त्याचा वध करतो आणि मग मुख्य आख्यान सुरू होतं. म्हणजे एकाच रात्री, एकाच जागी मुखवटा, कापडाचं आवरण आणि रंगवलेलं तोंड हे चेहरा बदलण्याचे तीन मार्ग शेजारीशेजारी पाहायला मिळतात. यातला कुठला मार्ग कुठे वापरायचा, यामागेही विचार आहे. ज्याला फारसं बोलायचं नाही, नुसतं दर्शन द्यायचं आहे, त्याला मुखवटा चालतो. आख्यानातल्या राजाला आणि राणीला मात्र तासन्‌तास बोलायचं असतं, रडायचं असतं, गायचं असतं, आणि संवाद तर लिहिलेले नसतात. समोरचा काय बोलेल त्यावर जागच्या जागी उत्तर द्यायचं असतं. तिथे चेहरा हलता हवा. म्हणून तिथे रंग.

या रंगांची जुनी यादी वाचताना मात्र काळजात धस्स होतं. सफेदा जस्ताचा असेल तर बरा. पिवडी म्हणजे पिवळी माती, तीही बरी. काजळ घरचं. पण हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. शेंदूर शिशाचा. जुन्या मराठी नटांच्या आठवणींत ज्याचा उल्लेख येतो ते मुर्दाडशिंगही शिशाचंच. ही द्रव्यं तोंडाला फासून, ओठांवरून पोटात घालून आपल्या कलावंतांनी आयुष्यं काढली. हे फक्त आपल्याकडेच घडत होतं असं नाही. युरोपातले नटही शिशाचा पांढरा रंग लावून आजारी पडत. बर्लिनमध्ये लुडविग लाइश्नर नावाच्या ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये नटांसाठी तेलातल्या रंगांच्या कांड्या बनवायचा कारखाना काढला तो शिशापासून सुटका व्हावी म्हणूनच. स्वतः रंगमंचावर उभा राहणारा माणूस रंग बनवायला बसला तेव्हा हे झालं, याचं मला फार मोल वाटतं. भारतात आज शिसं किंवा आर्सेनिक यांची संयुगं रंगासाठी वापरून सौंदर्यप्रसाधनं बनवायला कायद्याने मनाई आहे. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० मध्येही ती कायम आहे. पण कायदा कारखान्याला बांधतो. बाजारातल्या सुट्या पुडीला, रांगोळीच्या रंगाला, देवळातल्या शेंदराला तो तोंडावर जाण्यापासून अडवत नाही. म्हणून या पुस्तकात ठिकठिकाणी एक गोष्ट पुन्हापुन्हा येईल, वाचकाने कंटाळू नये : जे त्वचेसाठी म्हणून बनवलेलं नाही ते तोंडाला लावायचं नाही, आणि जे गालासाठी बनवलं आहे ते डोळ्यांत जाईल असं लावायचं नाही. शोभेच्या कामाची चमकी डोळ्यांभोवती लावलेले व्हिडिओ रोज दिसतात. त्या चमकीच्या कणांना धार असते. बुबुळावर ओरखडा उठला तर तो नुसत्या पाण्याने धुऊन जात नाही.

आता उजेडाकडे वळतो, कारण सगळं त्यावर उभं आहे.

दशावतार मुळात दिवट्यांच्या उजेडात खेळला गेला. दिवटीची ज्योत पिवळी-तांबडी असते, हलती असते. अशा उजेडात निळा रंग जवळजवळ काळा दिसतो, कारण ज्योतीत निळा प्रकाश फारच थोडा असतो. म्हणून विष्णूचा किंवा कृष्णाचा निळा नुसता निळा ठेवून चालत नाही. त्यात भरपूर पांढरा घालून तो आकाशी करावा लागतो, तेव्हा कुठे तो पंचवीस हातांवरून निळा वाटतो. पिवळा आणि पांढरा यांच्यातला फरक दिवटीपुढे पुसला जातो, तेव्हा राजाच्या मुकुटाखालची कपाळाची कड काळ्याने बांधून घ्यावी लागते. नाजूक छटा तर दिसतच नाहीत. मग गॅसबत्ती आली. तिचा उजेड पांढरा आणि प्रखर. बत्ती वर टांगलेली, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडू लागल्या आणि डोळ्यांखाली उजळ रंग भरायची गरज भासू लागली. पुढे ट्यूब, हॅलोजन, आणि आता एलईडी. एलईडीच्या थंड उजेडात जुनी पांढरी बैठक पीठ फासल्यासारखी दिसते. तरीही काही कलावंत अजून तितकीच जाड बैठक लावतात, कारण गुरूने तशीच लावली होती. गुरूने ती दिवटीसाठी किंवा गॅसबत्तीसाठी लावली होती, हे सांगायचं राहून गेलं.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने बोलायची आहे. या जाड पांढऱ्या-गुलाबी बैठकीचा आणि गोरेपणाच्या हौसेचा आपण नकळत गोंधळ केला आहे. गावात लग्नाच्या मेकअपला बसलेल्या सावळ्या मुलीला दोन छटा उजळ बैठक लावून राखेसारखं करून टाकायचं, आणि ‘स्टेजवर असंच लागतं’ म्हणायचं, ही रीत मला संताप आणते. स्टेजवर पांढरा लागत होता तो अंधारासाठी. मंडपात अंधार नाही, फोनच्या कॅमेऱ्यात अंधार नाही. सावळ्या त्वचेवर मोरपिशी, जांभळा, तांब्याचा, हळदीचा पिवळा हे रंग जसे उमलतात तसे उजळ त्वचेवर उमलत नाहीत. रंगांची कला करणाऱ्याला सावळा चेहरा ही देणगी आहे. या पुस्तकातली जवळजवळ सगळी प्रात्यक्षिकं सावळ्या चेहऱ्यांवर आहेत, आणि बैठक प्रत्येकाच्या मूळ रंगाचीच आहे.

रंग मिसळण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या अध्यायात पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग धरले आहेत, आणि त्यांच्या मिश्रणांना नावं दिली आहेत : पांढऱ्यात पिवळा घातला तर पांडू, पिवळ्यात निळा घातला तर हरित. म्हणजे चार डब्यांत अख्खा रंगमंच. सुरुवात करणाऱ्याने पन्नास रंगांची पेटी घेऊ नये, असं मी सांगतो ते याच आधारावर. चार रंग आणि काळा एवढ्यावर महिनाभर काम करा. ज्याला हरित स्वतः मिसळता येतो, त्याला विकतचा हिरवा कधी वापरायचा हेही कळतं.

बारीक कामासाठी मात्र दशावताराच्या पलीकडे पाहायला हवं, आणि तेही फार लांब नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग म्हणजे दहा गट, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२० गोल पानं. तळहातात मावणाऱ्या त्या पानावर मत्स्य, कूर्म, नरसिंह काढताना चितारी ब्रश जवळजवळ उभा धरतो आणि रेघ ओढताना मनगट न हलवता बोटं हलवतो. पापणीवर काम करायला हीच पकड लागते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत चित्रकथीची चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या जपून आहेत. त्या चित्रांतले बाजूने दाखवलेले चेहरे, त्यांचे लांबट मोठे डोळे चेहऱ्यावर उतरवून पाहिले तर एखाद्या नव्या मुलीला कित्येक महिने पुरेल एवढं सापडेल. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती पिंगुळीच्या याच परंपरेसाठी. शिमग्यात रोंबाट निघतं, त्यातली सोंगंही विसरू नयेत. तिथे नियम सगळ्यात सैल असतात, आणि प्रयोगाला मोकळीक सगळ्यात जास्त.

स्त्रीपार्टाबद्दल वेगळं लिहायला हवं, आणि पुस्तकात त्याला पूर्ण प्रकरण दिलं आहे. दशावतारात बायकांच्या भूमिका पुरुषांनीच करायची रीत. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या कलावंतांनी त्या रंगवून लोकांना वेड लावलं. दाढीची निळसर छटा झाकायची तर बैठकीच्या खाली आधी नारिंगीचा हात फिरवावा लागतो, कारण नारिंगी निळ्याला मारतो. आजच्या मेकअपच्या दुकानात हाच उपाय वेगळ्या नावाने महाग विकला जातो. जबड्याची कड सौम्य करायची, गालाची लाली नाकाजवळ आणायची, खालचा ओठ भरायचा पण वरच्या ओठाची मधली खाच नीट काढायची. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात विक्रम गायकवाड यांनी सुबोध भावेच्या चेहऱ्यावर जे काम केलं, आणि ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते या दृष्टीने पाहावं. तिथे कॅमेरा वीतभर अंतरावर होता, म्हणून रंग थर न दिसेल इतका पातळ. जत्रेत प्रेक्षक लांब, म्हणून रेघ ठळक. काम तेच, फक्त अंतर बदललं. आता सिंधुदुर्गात महिलांचीही दशावतार मंडळं उभी राहिली आहेत. तिथे बाईने राजाचं तोंड रंगवायचं असतं, म्हणजे हीच सगळी विद्या उलटी वापरायची. या प्रश्नावर अजून कुणी नीट व्हिडिओ केलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो आरोंद्याच्या एखाद्या मुलीने करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शिकवण्याकडे येतो. केरळातल्या कथकलीत चेहरा रंगवण्याचं काम इतकं स्वतंत्र मानलं जातं की चुट्टी लावणारा कलावंत वेगळाच असतो. नट आडवा पडतो, कधी झोपीही जातो, आणि चुट्टीवाला त्याच्या जबड्यावर तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची कड चढवत नेतो. सगळं मिळून तीन-चार तास सहज जातात. वल्लथोळ यांनी १९३० मध्ये स्थापन केलेल्या केरळ कलामंडलमध्ये चुट्टीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे दशावतारी स्वतःचं तोंड स्वतःच, तासाभराच्या आत रंगवतो, आणि ते शिकवणारी शाळा नाही. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर, चेंदवणकर अशी मोठ्या परंपरेची मंडळं आहेत. बाबी नालंग, सुधीर कलिंगण यांच्यासारखे कलावंत घराघरांत पोचले. पण त्यांच्या भुवईची रेघ कशी निघत होती, रंगात तेल किती होतं, हे टिपून ठेवलेलं फारसं सापडत नाही. नाटकं रेकॉर्ड झाली, गाणी झाली. पडवीतला तो तास फारसा कुणी रेकॉर्ड केला नाही, कारण तो ‘तयारी’ होता, ‘खेळ’ नव्हता.

शिकवणीच्या व्हिडिओने नेमका हाच तास मध्यभागी आणला, आणि म्हणून मला या प्रकाराबद्दल आदर आहे. मिशेल फान या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन मुलीने २००७ मध्ये यूट्यूबवर मेकअप शिकवायला सुरुवात केली, तेव्हा खोलीत बसून आरशापुढे करायची खाजगी गोष्ट जगापुढे उघडी करून दाखवली. आपल्याकडे २०१६ नंतर स्वस्त डेटा गावांत पोचला आणि ही शाळा वाडीवाडीत उघडली. त्यातून बरंच उथळही आलं. सगळं दहापट वेगाने पळवायचं, मधली अवघड पायरी कापून टाकायची, शेवटी फक्त झगमगीत चेहरा. ज्याने काही शिकायला व्हिडिओ उघडला त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. कापलेली पायरीच शिकवण्यासारखी असते.

म्हणून या पुस्तकाचा निम्मा भाग रंगांवर आणि निम्मा चित्रीकरणावर आहे. त्यातल्या मोजक्या गोष्टी इथेच सांगून ठेवतो. फोनच्या कॅमेऱ्यातला चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय आधी बंद करावा; तो रंगाच्या कडा खातो आणि तुमची दोन तासांची मेहनत पुसून टाकतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस जागेवर बांधता येतो. तो बांधावा, नाहीतर लाल रंगाचा ब्रश कॅमेऱ्यासमोर आला की सगळ्या चेहऱ्याचा रंग बदलतो आणि पाहणाऱ्याला वाटतं तुम्ही बैठकच बदलली. उजेड किंचित कमी ठेवावा. फोनला भडक पांढरा आणि भडक लाल झेपत नाही, दोन्ही सपाट होतात. पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा आरशासारखा उलटा दिसतो, तेव्हा ‘डावीकडे’ म्हणण्याऐवजी ‘खिडकीच्या बाजूला’ म्हणावं. कोकणातल्या घराची पडवी हा फार चांगला स्टुडिओ आहे : वरून कौलं, समोरून मोकळा, मऊ उजेड. सकाळी दहाच्या आत बसावं. पावसाळ्यात पन्हळीचा आवाज आत येतो, मग बोलणं नंतर वेगळं रेकॉर्ड करावं. आणि एक पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते : अर्धा चेहरा रंगवायचा, अर्धा तसाच ठेवायचा, आणि मग कॅमेऱ्याकडे सावकाश पाहायचं. रंगाने नेमकं काय केलं हे त्या एका क्षणात दिसतं. नुसत्या ‘आधी आणि नंतर’च्या दोन फोटोंत ते दिसत नाही.

घामाचा प्रश्न इथे टाळता येत नाही. आरोंद्याची हवा खाडीची, दमट. परदेशी व्हिडिओत जो थर दिवसभर टिकतो तो इथे दुपारपर्यंत नाकाच्या शेंड्यावरून उतरतो. उपाय तोच, पडवीतला : बैठक पातळ, थापून, दोन थरांत, आणि प्रत्येक थरावर पावडर दाबून. काढतानाही खोबरेल तेलच. चोळायचं नाही, तेल लावून थोडा वेळ थांबायचं आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं. नवा रंग आदल्या दिवशी कानामागे लावून पाहायचा. कुणाच्या चेहऱ्यावर काम करायचं असेल तर ब्रश धुतलेले हवेत, आणि डोळे आलेल्या माणसाला त्या दिवशी नम्रपणे घरी पाठवायचं.

भाषेविषयी. व्हिडिओ मालवणीत करा. ज्या मुलीला रोजच्या बोलण्यात ‘गालार’ म्हणायची सवय आहे, ती कॅमेरा सुरू झाला की अर्धवट हिंदीत अडखळते आणि तिचा हात बोलण्याच्या मागे धावू लागतो. मालवणीत बोलली तर हात मोकळा राहतो. पाहणारे कमी होतील ही भीती मला खरी वाटत नाही. मुंबईत, गोव्यात, आखातात पसरलेला कोकणी माणूस मालवणी ऐकायला आसुसलेला असतो. संकासुराचं सगळं राज्य त्याच भाषेवर चालतं. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटाला साऱ्या महाराष्ट्रात गर्दी झाली, तेव्हा या कलेबद्दल बाहेरच्या लोकांना किती उत्सुकता आहे हेही दिसलं. ती उत्सुकता विझण्याआधी तिला खरी माहिती मिळाली पाहिजे.

त्याबरोबर काही जबाबदाऱ्या येतात, आणि त्या मी अटींसारख्या मांडतो. एखाद्या दशावतारी कलावंताला तोंड रंगवताना टिपायचं असेल तर आधी त्याला आणि मंडळाच्या मालकाला विचारायचं. विधीचा भाग असेल तिथे कॅमेरा खाली ठेवायचा. व्हिडिओत कलावंताचं आणि मंडळाचं नाव सुरुवातीला सांगायचं, खाली बारीक अक्षरात लिहून भागवायचं नाही. त्यातून चार पैसे मिळाले तर त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा. गणपतीचं, विष्णूचं रूप पाहून जत्रेत म्हातारी माणसं हात जोडतात. ते रूप स्वतःच्या चेहऱ्यावर घ्यायला माझी हरकत नाही, पण टिंगलीसाठी ते घेऊ नये. राक्षसाचं मात्र हवं तेवढं घ्या, बदला, त्यात निऑन घाला, खवले घाला. राक्षसपार्टात प्रत्येक कलावंताने आपापली भर घातली आहे, आणि तुमच्या आधीच्यांनीही परवानगी मागितली नव्हती.

पुस्तक कसं वापरायचं ते सांगून थांबतो. सलग वाचायची गरज नाही. ज्याला फक्त चित्रीकरण शिकायचं आहे त्याने उत्तरार्ध आधी उघडावा. ज्याच्या घरात किंवा शेजारी कुणी दशावतारात काम केलेलं आहे, त्याने पुस्तक बाजूला ठेवून आधी त्यांच्यापाशी जाऊन बसावं, तेलापासून सुरुवात करायला सांगावी आणि फोन तिपाईवर लावून न बोलता पाहावं. मग इथल्या पानांशी ताडून पाहावं, आणि जिथे फरक पडेल तिथे त्यांचं खरं मानावं. बाकी सगळ्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यात फक्त भुवई आहे. राजाची एक, राक्षसाची एक. दोन्ही काढायच्या, एकदा पणतीच्या उजेडात, एकदा बल्बखाली आणि एकदा पडवीत दिवसा, आणि प्रत्येक वेळी फोन हातभर अंतरावर ठेवून एकदा नि अंगणाच्या पलीकडच्या कडेला ठेवून एकदा टिपायच्या. सगळे तुकडे शेजारीशेजारी लावून पाहिल्यावरच दुसरं प्रकरण उघडावं.